गरोदरपणातला व्यायाम: आईची नाडी आणि बाळाचे ठोके

एरवी बसल्याजागी 72 असलेली नाडी सातव्या महिन्यात 85-90 लागते आणि एक जिना चढला की धाप लागते. घरातले लगेच म्हणतात, "दोन जिवांची आहेस, बस आता." खरं तर हृदय तेव्हा जास्तीचं काम मुकाट्याने करत असतं. दिवस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच, पोट दिसायच्या कितीतरी आधी, ते दर मिनिटाला जास्त रक्त फेकू लागतं. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ही वाढ 30 ते 50 टक्क्यांवर जाते. अंगातलं रक्तही 40-50 टक्क्यांनी वाढतं. त्यात पाण्याचा भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे मधल्या तिमाहीत बीपी जरा खाली येतं.

या चालू कामावर व्यायामाचा भार चढवायचा, तर तो मापात हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेलं माप आठवड्याला किमान 150 मिनिटांचं आहे, म्हणजे समजा अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एवढ्याने गरोदरपणात बीपी वाढण्याचा आणि मधुमेह होण्याचा धोका कमी होतो.

आधी डॉक्टरांना विचारायचं ते

गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, 26 आठवड्यांनंतरही वार (बाळाला रक्तातून पोषण पोचवणारा भाग, प्लॅसेंटा) खाली असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, वेळेआधी कळा येत असतील, बीपी वाढून लघवीत प्रथिनं जात असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. जुळं असेल तर परवानगी घेतल्याशिवाय सुरू करू नका. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर आधी उपचार. 7 ते 11 च्या मध्ये असेल तर डॉक्टरांना विचारून सावकाश चालणं पुरे. लोहाची गोळी रोज, पण चहासोबत नको.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. लहानपणी घसा वारंवार सुजून, सांधे धरून ताप येऊन गेला असेल तर हृदयाची झडप आकसलेली असू शकते, आणि ते बऱ्याचदा पहिल्यांदा कळतं गरोदरपणातच. आकसलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला दोन ठोक्यांमधला वेळ लागतो. नाडी वाढली की तो वेळच कमी होतो, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. गरोदरपणातली साधी धाप श्रम केल्यावर लागते आणि दोन-चार मिनिटं बसलं की जाते. झोपायला दोन-तीन उशा लागणं, रात्री गुदमरून जाग येणं, आडवं झाल्यावर खोकला येणं ही साधी धाप नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, करून घ्या. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत होते. तिथे हे लक्षण स्वतःहून सांगा.

किती जोर लावायचा

"नाडी 140 च्या वर जाऊ द्यायची नाही" हा नियम अजून सांगितला जातो. तो अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 साली दिला आणि 1994 मध्ये काढून टाकला, कारण गरोदरपणात नाडी माणसागणिक फार वेगळी वागते. त्याहून भरवशाची खूण म्हणजे बोलणं. चालताना सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. निवांत गाता येत असेल तर थोडा वाढवा.

आकडा हवाच असेल तर मध्यम व्यायामात 29 वर्षांखालच्या निरोगी बाईची नाडी साधारण 125 ते 146 आणि तिशीपुढे 121 ते 141 असावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते). थांबल्याबरोबर 15 सेकंद मोजून चारने गुणा. मिनिटभर उशीर केला तर नाडी उतरलेली असते आणि आकडा फसवतो. बीपीसाठी लॅबेटालॉल चालू असेल तर नाडी दबलेलीच राहते, तेव्हा बोलण्याची खूणच धरा.

अर्ध्या तासाची मांडणी

पहिली पाच मिनिटं सावकाश चाल. मग वीस मिनिटं जोमाने. शेवटची पाच पुन्हा सावकाश, आणि ही अजिबात गाळायची नाहीत. जोमाने चालताना पोटऱ्या दाबल्या जाऊन पायातलं रक्त वर ढकलतात. एकदम थांबलं की सैलावलेल्या वाहिन्यांत ते खालीच साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कधीच व्यायाम केला नसेल तर जोमाचा भाग पाच मिनिटांचा ठेवा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं 10 वेळा, भिंतीला हात लावून दंड 10 वेळा, एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं 10 वेळा; मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा एक फेरी. आकडे मोठ्याने म्हणा. तोंडाने मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं.

20 आठवड्यांनंतर उताणं झोपून व्यायाम नको. भरलेली पिशवी कण्याजवळच्या मोठ्या नीलेवर दाब देते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. आईला घाम येऊन गरगरतं आणि वारेकडचा पुरवठाही घटतो. शवासनसुद्धा डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत चालून घ्या किंवा पंख्याखाली घरातच. पहिल्या तिमाहीत अंग फार तापणं बाळाच्या मज्जारज्जूला घातक ठरू शकतं.

बाळाच्या बाजूला काय होतं

बाळाचे ठोके एरवी मिनिटाला 110 ते 160 असतात. आई चालते तेव्हा ते साधारण 10 ते 30 ने वाढतात आणि ती विसावली की पुन्हा जागेवर येतात. रक्त स्नायूंकडे वळलं तरी मध्यम व्यायामात बाळाचा प्राणवायू टिकतो, कारण वार रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेते. अमेरिकेत कॅन्सस सिटी इथल्या संशोधकांनी 2010 साली 36 व्या आठवड्यात चुंबकीय यंत्राने बाळांचे ठोके टिपले. नियमित व्यायाम करणाऱ्या आयांच्या बाळांचे ठोके संथ होते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर जास्त लवचीक होतं, जे निरोगी हृदयाचं लक्षण मानतात. अभ्यास लहान होता, त्यामुळे यावरून बाळाच्या पुढच्या आयुष्याची हमी कुणी देऊ नये.

वरची मर्यादाही तपासली गेली आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलवर पळवलं. आईची नाडी तिच्या कमाल क्षमतेच्या 90 टक्क्यांवर गेल्यावर पिशवीचा रक्तपुरवठा निम्म्याखाली येऊन बाळाचे ठोके मंदावल्याचं दिसलं. पळणं थांबवल्यावर ते लगेच सावरले. बोलता येईल इतपत चालणारी बाई या रेषेपासून खूप दूर असते.

घरी ठोके ऐकायचं यंत्र विकत घेऊ नका. त्यात स्वतःचीच नाडी ऐकून बाळ ठीक आहे असा समज होतो. चालताना बाळ झुलत झोपतं, तेव्हा हालचाल जाणवली नाही तर घाबरू नका. नंतर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा. तरीही नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जेवणानंतरच्या शतपावलीला इथे वेगळंच मोल आहे. आईची साखर वाढलेली राहिली तर बाळाच्या हृदयातला मधला पडदा जाड होऊ शकतो. प्रत्येक जेवणानंतर 10-15 मिनिटं चाललं की साखरेची उसळी कमी राहते, आणि ही मिनिटं 150 मध्ये धरायला हरकत नाही.

"फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल" हा सल्ला मात्र अर्धवट आहे. वाकून फरशी पुसताना नाडी एका लयीत राहत नाही आणि कंबर धरते. उसाची मोळी डोक्यावर वाहणारीला तर व्यायामाची नव्हे, विश्रांतीची गरज असते. तिला 150 मिनिटं सांगणं म्हणजे थट्टा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने दुखणाऱ्या कळा, छातीत दुखणं, चालायला लागण्याआधीच धाप, भोवळ, जोराचं डोकं दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं: यातलं काहीही झालं तर जागेवर थांबा, डाव्या कुशीवर आडव्या व्हा (धाप असेल तर टेकून बसा) आणि फोन करा. म्हणून चालायला जाताना फोन आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या, आणि फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो त्या फोनमध्ये.