दुसऱ्या स्टेटमध्ये डिअर लायसन निघत नव्हतं, शेवटी असं निघालं

मी इलिनॉयला राहतो, शिकार विस्कॉन्सिनला मित्राच्या शेतावर. ऑनलाइन लायसन घेताना दरवेळी एकच, हंटर एज्युकेशनचा रेकॉर्ड सापडत नाही. तिथे १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना कोर्स लागतोच आणि मी तो टेक्ससला असताना केलेला, दुसऱ्या स्टेटचाही चालतो.

ब्राउझर बदलला, कोर्सचा नंबर पाच वेळा टाकला, नवीन अकाउंटही काढलं (हे करू नका, दोन प्रोफाइल झाली की अजून घोळ). थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी गन सीझन (बंदुकीने शिकारीचे दिवस) उघडतो आणि मी गुरुवारी रात्री डोकं धरून बसलेलो.

घोळ आपल्या नावाचा होता. कोर्सच्या कार्डावर फर्स्ट नेममध्ये माझं आणि बाबांचं नाव एकत्र चिकटलेलं, ड्रायव्हिंग लायसनवर बाबांचं मिडल नेममध्ये.

मग आधी टेक्ससकडून नाव दुरुस्त करून घेतलं, कार्ड परत प्रिंट केलं, त्यावरची जन्मतारीख ड्रायव्हिंग लायसनशी ताडली. जुन्या प्रोफाइलवर नाव लायसनसारखंच केलं, डुप्लिकेट फोन करून बंद करायला लावलं, आणि सगळ्यात शेवटी कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसनचा स्कॅन विस्कॉन्सिनला पाठवला. व्हेरिफाय झाल्याचं कळल्यावरच नॉनरेसिडेंट गन डिअर निवडलं, लगेच निघालं.

हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत रजिस्टर करायचं. आणि सीडब्ल्यूडी (हरणांमध्ये पसरणारा जीवघेणा रोग) मुळे अख्खं जनावर स्टेटबाहेर नेऊ नका, मी तिथेच हाडं काढून फक्त मांस घेतलं.