‘विझर्ड्री’ खेळायचाय? आधी आलेख-वही आणि खोडरबर काढा

‘विझर्ड्री’ हा सहा जणांची टोळी घेऊन भुयार धुंडाळायचा संगणकावरचा खेळ. तो पहिल्यांदा खेळले तेव्हा पंधरा मिनिटांत माझी सहाही माणसं मेली. त्याचं एवढं काही नाही, सगळ्यांचीच मरतात. पण ती कुठे मेली हे मला सांगता येईना, तेव्हा खरी पंचाईत झाली. या खेळात मेलेल्यांचे देह भुयारातच पडून राहतात. नवी टोळी नेऊन ते उचलून आणता येतात, पण आणायचे कुठून? मृत्यू लगेच डिस्कवर लिहिला जातो, त्यामुळे आधी साठवून ठेवलेला खेळ उघडून सुटका करून घ्यायची सोयही नाही.

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी रचलेला हा खेळ १९८१ साली ॲपल टू संगणकावर आला. २०२४ मध्ये त्याची नव्या चित्रांची आवृत्ती निघाली, आणि तिच्या पोटात जुनाच खेळ चालतो. तिच्यात नकाशा आपोआप तयार होतो. निदान पहिला मजला होईपर्यंत त्याच्याकडे बघू नका. भुयार शोधायची सगळी गंमत कागदावर आहे, आयता नकाशा घेतलात तर उरते ती नुसती मारामारी.

मजले १०, प्रत्येक २० बाय २० चौकोनांचा. मजल्याला एक पान. खालच्या आणि डाव्या कडेला ० ते १९ आकडे घाला. खालचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य. तिथेच वर जायचा जिना, आणि सुरुवातीला तुमचं तोंड उत्तरेला असतं. भिंती चौकोनाच्या रेघेवर काढायच्या, आत नाही. दाराला रेघेवर छोटी आडवी खूण. न उघडलेल्या दारापाशी प्रश्नचिन्ह. शाईचं पेन लांब ठेवा. माझ्या वहीतली पहिल्या मजल्याची तीन पानं फाडलेली आहेत.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो लढाईनंतर. दार लाथेने उघडलं, आत राक्षस, हाणामारी, खजिन्याची पेटी, आनंद... आणि चौकोन काढायचा राहिला. म्हणून दाराला लाथ घालण्याआधीच कागदावर बाण काढून ठेवायचा: मी इथे, तोंड इकडे.

एवढं करूनही नकाशा जुळेनासा झाला, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. भुयारात काही चौकोन असे आहेत की पाय ठेवताच टोळी गर्रकन फिरते आणि पडद्यावर त्याचा मागमूसही नसतो. काही चौकोन दुसरीकडेच नेऊन टाकतात. काही मजल्यांवर पूर्वेच्या कडेवरून पुढे गेलात की पश्चिमेच्या कडेला निघता. मी दोन संध्याकाळी एकच लांबलचक बोळ काढत बसले होते. तो कागदाबाहेर गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यावर औषध ‘दुमापिक’. जादूगाराला हा मंत्र आला की तोंड कुठल्या दिशेला आहे आणि जिन्यापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती पावलं आलोय, हे तो सांगतो. शंका आली की टाका, कंजुषी नको.

टोळीचं थोडक्यात. समोरासमोर वार फक्त पुढचे तिघंच करतात, म्हणून तिथे दोन लढवय्ये आणि एक पुरोहित. मागे चोर आणि दोन जादूगार. सुरुवातीला प्रत्येक जादूगाराकडे दोनदा टाकण्याइतकेच मंत्र असतात. ते ‘कातिनो’वर खर्चा, म्हणजे समोरचे झोपतात. ‘हालितो’ची आग दिसायला झकास, पण एकालाच लागते. मंत्र संपले की मागे फिरायचं. “अजून एकच दार” म्हणणारी माझी एक टोळी अजून तिथेच पडली आहे, नकाशावर फुली मारून ठेवलीय.

वर आलात की खानावळीतल्या तबेल्यात झोपा. तो फुकट असतो. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत मिळतात. मग पुरोहिताकडून ‘दिओस’ टाकून जखमा भरा आणि पुन्हा तबेला गाठा. पैसे मोजून खोली घेतलीत तर जखमा भरतात, पण माणसांचं वयही वाढतं.

पान बरंचसं भरलं की मध्येमध्ये उरलेली पांढरी भोकं बघा. चारी बाजूंनी भिंती आणि आत सहा-आठ चौकोन कोरे? पुरोहिताच्या ‘मिल्वा’चा उजेड लावून त्या भिंतींना वळसा घाला, चोरदार असेल तर दिसतं. नसेल तर तो भाग बहुधा भरीव खडक, तिथे रेघा मारून टाका. पुढे कधीतरी जादूगार ‘मालोर’ शिकेल, म्हणजे हव्या त्या चौकोनात उडी. ती उडी खडकात पडली तर अख्खी टोळी गेली. तेव्हा त्या रेघा नीट मारा.