बोल्डरिंगची पहिली स्पर्धा: या चुका टाळा, हात शेवटपर्यंत टिकतील

पहिल्या स्पर्धेत माझे हात चाळिसाव्या मिनिटाला संपले. स्पर्धा अडीच तासांची होती. पाण्याच्या बाटलीचं झाकण शेजारच्या मुलीकडून उघडून घेतलं आणि उरलेला वेळ टाळ्या वाजवत बसलो, त्याही हळूच. पुढे अशा बऱ्याच स्पर्धांत उतरलो, काही ठिकाणी गुणपत्रिका तपासायलाही बसलो. तेव्हा कळलं की नवख्यांचं गाडं ताकदीवर क्वचितच अडतं. हातात आहे तो जोर भलत्या ठिकाणी खर्च होतो, म्हणून अडतं.

अशा हलक्याफुलक्या स्पर्धेत साधारण वीस-तीस प्रॉब्लेम लावलेले असतात. बोल्डरिंगमध्ये चढाईच्या एका ठरलेल्या वाटेला प्रॉब्लेमच म्हणतात, भिंतीवर हातापायांनी धरायच्या उंचवट्यांना होल्ड आणि शेवटच्या होल्डला टॉप. दोर नसतो, भिंत चार-साडेचार मीटरची, खाली जाड मॅट. दोन-तीन तासांत हवे ते प्रॉब्लेम हव्या त्या क्रमाने करायचे आणि गुण बहुतेक वेळा स्वतःच लिहायचे. बऱ्याच ठिकाणी चालणारी पद्धत अशी: पहिल्याच प्रयत्नात टॉप गाठला, म्हणजे फ्लॅश केला, तर 10 गुण, दुसऱ्या प्रयत्नात 7, तिसऱ्यात 4, त्यानंतर कितव्याही प्रयत्नात 1. नियम जागेगणिक बदलतात, त्यामुळे सुरुवातीच्या सूचना चालू असताना शूज बांधत बसू नका.

प्रॉब्लेम न वाचताच भिंतीला भिडणं

या गुणपद्धतीत पहिला प्रयत्न सोन्याचा आहे. पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये फसलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे 0.1 गुण कापला जायचा. इथे पहिलाच प्रयत्न फसला की थेट तीन गुण जातात. तरी लोक त्या प्रॉब्लेमच्या होल्डचा रंग दिसला की हात घालतात आणि तिसऱ्या होल्डवर गेल्यावर कळतं की डावा हात जिथे हवा तिथे उजवा आलाय.

खाली उभं राहून आधी सुरुवातीचे टॅग, म्हणजे होल्डजवळ लावलेल्या खुणा, शोधा. एकाच होल्डवर दोन असतील तर दोन्ही हात तिथे, वेगवेगळ्या होल्डवर एकेक असेल तर एकेक हात. मग टॉप कुठला ते पाहा आणि मधला प्रवास हवेत हात हलवून करून बघा. वेड्यासारखं दिसतं, पण चांगले चढणारे सगळे हेच करत असतात. बाजूलाही जाऊन पाहा. समोरून लपलेले पायाचे छोटे होल्ड तिथून दिसतात, आणि गोल वाटणाऱ्या होल्डला मागून चांगली पकड असते तीही. वर पोहोचल्यावर टॉपला नुसती टिचकी मारून भागत नाही. दोन्ही हात त्यावर ठेवून क्षणभर तोल सावरलेला दिसला पाहिजे.

विश्रांती न घेणं

माझे हात गेले ते इथे. माणूस पडतो, चिडतो, हाताला चॉक, म्हणजे घाम शोषणारी पांढरी भुकटी, फासतो आणि वीस सेकंदांत पुन्हा वर. हातघाईवर येणं म्हणजे काय ते बोल्डरिंगमध्ये अक्षरशः कळतं.

घट्ट पकड धरली की कोपर ते मनगट यांमधले स्नायू आवळले जातात आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त नीट फिरत नाही आणि हात दगडासारखे टणक होतात. यालाच हात पंप होणं म्हणतात. जोरकस उडीला किंवा खेचीला लागणारी झटपट ऊर्जा स्नायूत थोडीच साठलेली असते, आणि ती बरीचशी भरून यायला तीनेक मिनिटं लागतात. वीस सेकंदांत घेतलेला प्रयत्न त्यामुळे आधीच्यापेक्षा वाईटच होतो, वर गुणही कमी देतो. जमेल असं वाटणाऱ्या प्रॉब्लेमवर दोन प्रयत्नांत निदान तीन मिनिटं जाऊ द्या. अवघड असेल तर पाच. तीन प्रयत्नांत नाही जमला तर सरळ पुढचा बघा. चौथ्यापासून एकच गुण आहे आणि तो शेवटच्या अर्ध्या तासातही मिळतो.

मधल्या वेळात इतरांना चढताना पाहा. तुमच्या उंचीचं कोणी असेल तर विशेष लक्षपूर्वक. सहा फुटी माणूस जिथे सहज हात पोहोचवतो तिथे तुम्हाला वेगळीच युक्ती लागणार आहे.

अंग न तापवता अवघडला हात घालणं

उत्साहात पहिलाच प्रॉब्लेम अवघड निवडू नका. बोटांच्या कंडरा हाडाजवळ धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांना पुली म्हणतात. थंड बोटांनी बारीक कडेवर लटकलं की त्या दुखावतात, आणि स्नायूपेक्षा त्यांना भरून यायला बराच जास्त वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं द्या: अंग हलवा, खांदे फिरवा, मग मोठ्या होल्डचे सोपे प्रॉब्लेम. सोपेही गुण देतातच, त्यामुळे वेळ वाया जात नाही. फक्त तेही फ्लॅश करायचेत हे विसरू नका.

सगळा भार हातांवर

पाय तळव्याच्या मधोमध न ठेवता अंगठ्याच्या टोकावर ठेवा. तरच तो होल्डवर फिरवता येतो. हात शक्य तिथे सरळ ठेवून लटका, कोपरात वाकलेले हात उगाच दमतात. भाड्याचे शूज बोटं पुढे टेकतील इतके घट्ट हवेत, डोळ्यांत पाणी येईल इतके नकोत. आणि ते घालून शौचालयात जाऊ नका. हे सांगावं लागतं, हेच दुर्दैव.

पडण्याला गृहीत धरणं

मॅट मऊ आहे म्हणून काही होत नाही, हा समज सगळ्यात महागात पडतो. पडताना माणूस आपसूक हात मागे टेकवतो आणि मनगट किंवा कोपर जायबंदी होतो. दोन्ही पायांवर उतरा, गुडघे वाकवा, हात छातीशी घ्या आणि पाठीवर मागे लोळा. स्पर्धेआधी कमी उंचीवरून चार-पाच वेळा हे करून पाहा. टॉप झाला की जमेल तितकं होल्ड धरून खाली उतरा. दर वेळी वरून उडी मारली तर वीस प्रॉब्लेमनंतर गुडघे तक्रार करतात.

अंगठी काढा, खिसे रिकामे करा. कोणी चढत असेल त्याच्या खाली उभं राहू नका, मॅटवर बसून गप्पा तर नकोतच. गर्दीत वर बघून चालायची सवय लावा.

न मागता बीटा देणं

प्रॉब्लेम सोडवायच्या युक्तीला बीटा म्हणतात. समोरचा विचार करत असतो आणि मागून कोणी ओरडतं, ‘डावा पाय वर, डावा!’ त्याच्या फ्लॅशचा आनंद तिथेच गेला. आधी ‘सांगू का?’ असं विचारा. ‘चल, चल’ म्हणून ओरडायला मात्र परवानगी लागत नाही.

भिंतीवर अडलात तर

हात पंप झाले असतील तर एकेक हात डोक्यावर नेऊन झटका, मग खाली सोडून झटका, आणि थोडं चाला. पाय सारखा घसरत असेल तर शूजचा तळ पुसा. त्यावर चॉकचा थर असतो. हात घसरत असेल तर आणखी चॉक लावण्याआधी होल्ड ब्रशने घासा. घाम आणि जुन्या चॉकचा चिकट थर गेला की तोच होल्ड वेगळा वाटतो.

बोटांची टोकं गुलाबी आणि चकचकीत दिसू लागली की खरखरीत होल्ड सोडा. साल फाटली तर धुऊन टेप लावा, आणि होल्डवर रक्त लागलं असेल तर तिथल्या माणसाला सांगा.

टॉपच्या एक हात आधी सगळे अडकतात. बहुतेक वेळा पाय खाली राहिलेले असतात. वर बघत तडफडण्याऐवजी खाली बघा, एक पाय उंच घ्या, मग हात टाका.

गुण प्रॉब्लेम संपल्या संपल्या लिहा. शेवटी आठवून लिहायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चौदा नंबर दुसऱ्या प्रयत्नात झाला की तिसऱ्या, यावर ती स्वतःशीच भांडत असतात.