शाळांमधलं नेतृत्व प्रशिक्षण : या चुका टाळा

एकाच व्यवस्थापनाखाली अनेक शाळा असल्या की मुख्याध्यापक, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यासाठी नेतृत्व विकासाचा कार्यक्रम दरवर्षी आखला जातो आणि दरवर्षी ठरलेल्या जागीच ठेच खातो.

वर्गभेटींचा कोटा

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. प्रशिक्षणात मुख्याध्यापकांना सांगतात, वर्गात जा. पुढे वरून आकडा मागितला जातो : आठवड्याला दहा भेटी, प्रत्येक भेटीला वीस मुद्द्यांचा तक्ता, तोही मोबाइलवर. एका शाळासमूहात याचं जे झालं ते बहुतेक ठिकाणी होतं. सोमवार ते गुरुवार पालक, बैठका आणि गैरहजर शिक्षकांचे तास लावण्यात जायचे. मग शुक्रवारी दुपारी दहा वर्ग उरकायचे, वर्गामागे चार-पाच मिनिटं. शिक्षकही काही दूधखुळे नसतात. व्हरांड्यात चाहूल लागली की फळ्यावर उद्दिष्ट उमटायचं, मुलं झटपट गटात बसायची. तक्त्यात सगळीकडे 'समाधानकारक'. नोंदींचा ढीग साचला, पण भागाकारात मुलं नेमकी कुठल्या पायरीवर अडतात, हे एकाही शिक्षकाला कुणी विचारलं नव्हतं.

अमेरिकेत मियामी-डेड जिल्ह्यातल्या शाळांत मुख्याध्यापकांचा दिवस कसा जातो, हे निरीक्षकांनी सोबत राहून टिपलं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शिक्षकांना मार्गदर्शन करण्यात जास्त वेळ जात होता तिथे मुलांची प्रगती अधिक दिसली; धावत्या वर्गभेटींत जास्त वेळ जात होता तिथे कमी. भेटींनीच नुकसान केलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण कोटा लावणाऱ्यांनी थबकावं, एवढं त्यात नक्कीच आहे.

आठवड्याला दोनच शिक्षक घ्या. वर्गात मागे पंधरा-वीस मिनिटं बसा. तक्ता बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर शिक्षकाचे प्रश्न आणि मुलांची उत्तरं जशीच्या तशी उतरवा. ४८ तासांच्या आत पंधरा मिनिटं बोला, आणि सुरुवात शेऱ्याने करू नका, नोंदीने करा : "तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत, नऊ उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून आली." मग गप्प बसा. बहुतेक शिक्षक पुढचं स्वतःच बोलतात. एकच बदल ठरवा आणि तो तिथेच करून पाहा : उद्याचा प्रश्न मोठ्याने विचारायचा, तीन-चार सेकंद थांबायचं, मग मुलाचं नाव घ्यायचं. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढंच बघायला परत जा. ही दुसरी भेट हुकली तर पहिली नसती दिली तरी चाललं असतं. आणि या कागदाचा वार्षिक मूल्यमापनाशी संबंध जोडू नका. एकदा जोडलात की पुढच्या भेटीला बसवलेला पाठच पाहायला मिळेल.

तीन दिवसांची कार्यशाळा, मग वर्षभर शांतता

शिक्षकाशी अवघड विषयावर कसं बोलावं, हे नुसतं ऐकून येत नाही, करून येतं. कार्यशाळेचे तेच तास महिन्याला दोन-अडीच असे वाटून द्या आणि मधल्या काळात प्रत्येकाला शाळेत करायचं एक काम द्या. सत्राचा निम्मा वेळ सरावाला हवा : तिघांचा गट, एक मुख्याध्यापक, एक दुखावलेला शिक्षक, एक निरीक्षक. चार मिनिटं संभाषण, दोन मिनिटं निरीक्षकाचं म्हणणं, आणि तेच संभाषण पुन्हा. पहिल्या फेरीत सगळे हसतात. दुसऱ्या फेरीआधी "समजलं, पुढे चला" म्हणणारे भेटतात. नेमकं त्यांनाच पुन्हा करायला लावावं. दीड महिन्यात निकाल मागणाऱ्या व्यवस्थापनाने एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, माणसं घडवण्याच्या फंदात पडू नये.

बाकीच्या, थोडक्यात

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुख्याध्यापक उद्घाटन करून निघून जातात. शिक्षकांच्या शिकण्यात त्यांचं स्वतः बसणं हा, तपासलेल्या नेतृत्वाच्या बाबींपैकी, मुलांच्या निकालाशी सर्वांत घट्ट जुळणारा घटक असल्याचं २००८ च्या एका गाजलेल्या संशोधन-आढाव्यात दिसलं. त्यामुळे खुर्ची लावून बसा.

उत्तम शिकवतो म्हणून थेट मुख्याध्यापक केलं जातं. आधी वर्षभर वेळापत्रक किंवा परीक्षा विभाग सोपवून बघा.

विभागप्रमुख नेमला, पण तासिका कमी केल्या नाहीत. आठवड्याला दोन तरी सोडवा, नाहीतर ती नुसती पाटी.

'कार्यक्रम आवडला का?' या फॉर्मवर यश मोजलं जातं. चहा चांगला असला तरी गुण वाढतात. तीन महिन्यांनी शाळेत जाऊन काय बदललं ते पाहा.

कार्यालयीन कर्मचाऱ्यांना बोलावतच नाहीत. चिडलेला पालक आधी भेटतो तो लिपिकाला. कोणत्या गोष्टी तो स्वतः मिटवू शकतो, कोणत्या लगेच वर पाठवायच्या, याची एका पानाची यादी त्याच्यासोबत बसून करा आणि त्याच्या टेबलावर लावा.