रेझ्युमे पाठवण्याआधी : चुका कुठे लपतात आणि कशा शोधायच्या

स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक स्वतःला सहसा दिसत नाही. काय लिहिलंय ते पाठ असतं, त्यामुळे गळलेलं अक्षरही डोळा आपसूक भरून घेतो. म्हणून लिहून होताच तपासायला बसू नका, निदान एक रात्र जाऊ द्या. मग प्रिंट काढा. प्रिंटर नसेल तर फॉन्ट बदलून अक्षर १४ पॉइंटचं करा. ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि मजकूर परका वाटू लागतो.

एकाच वाचनात सगळं पकडायला गेलं की निम्मं सुटतं. पहिली फेरी फक्त आकड्यांची. मोबाइल नंबर कागदावर बघून दुसऱ्या फोनवरून लावा, दिलेल्या ईमेलवर मेल पाठवून तो पोहोचतो का पाहा. इथली चूक सर्वांत महागात पडते, कारण रेझ्युमे आवडला तरी तुम्हाला गाठता येत नाही. नोकऱ्यांच्या तारखा वेगळ्या कागदावर क्रमाने उतरवा. पहिली नोकरी जून २०२१ मध्ये संपते आणि दुसरी मार्च २०२१ मध्ये सुरू होते, असल्या गफलती तिथेच कळतात. एकीकडे ‘जून २०२१’, दुसरीकडे ‘०६/२१’ असंही नको.

दुसरी फेरी स्पेलिंगची, आणि ती शेवटच्या ओळीकडून वर. अर्थाचा धागा तुटला की शब्द सुटा दिसतो. इंग्रजी रेझ्युमेत स्पेलचेकवर विसंबू नका. ‘मॅनेजर’मधला दुसरा ‘ए’ गळला तर उरलेला शब्दही इंग्रजीत आहे (अर्थ गुरांची गव्हाण!), त्यामुळे लाल रेघ येत नाही. वर्डमध्ये पूर्ण कॅपिटलमधले शब्द न तपासण्याची सेटिंग चालू असू शकते, म्हणजे कॅपिटलमधल्या मथळ्यांतल्या चुका राहून जाऊ शकतात.

नंतर मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडा. सोडलेल्या नोकरीचं काम भूतकाळात, चालू नोकरीचं वर्तमानात. ‘तक्रारी हाताळण्याची जबाबदारी होती’ यातून काहीच कळत नाही. ‘रोज सरासरी ४० तक्रारी सोडवल्या’ यातून कळतं. अर्थात आकडा खरा हवा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो.

जुनाच रेझ्युमे सुधारून पाठवत असाल तर आधी ज्या कंपनीकडे तो पाठवला होता, तिचं नाव ‘शोधा’मध्ये टाका. उद्दिष्टाच्या ओळीत ते बरेचदा तसंच राहून गेलेलं असतं.

शेवटी ट्रॅक चेंजेस (वर्डने खुणा करून ठेवलेले बदल) स्वीकारून, कॉमेंट काढून पीडीएफ करा. जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर तीच द्या. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डावी-उजवीकडच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या दिसू शकतात. भरतीचं सॉफ्टवेअरही तसंच वाचण्याचा धोका असतो, तेव्हा एकच रकाना ठेवा. फाइलला ‘फायनल३’ न म्हणता स्वतःचं नाव आणि पद द्या. मेलला जोडल्यावर ती एकदा तिथूनच उघडून पाहा, मगच पाठवा.