कसरती मॉडेल विमानासाठी इंजिन: निवड आणि बसवणी

अडीच किलोच्या आसपास वजन आणि दीड मीटर पंख असलेल्या कसरती मॉडेलला ०.४६ घनइंची, म्हणजे ७.५ सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं) घ्या. बॉल बेअरिंगचंच घ्या. बुशवालं (बॉल बेअरिंगऐवजी साधी धातूची नळी असलेलं) उभ्या चढाईत दम सोडतं. प्रॉपेलर ११×६, म्हणजे व्यास ११ इंच आणि पिच (एका फेरीत तत्त्वतः पुढे सरकण्याचं अंतर) ६ इंच. पिच वाढवली तर वेग मिळतो, पण लूपच्या माथ्यावर ओढ कमी पडते.

खरी गोम टाकीत असते. तिची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या जेटच्या (इंधन बाहेर पडतं त्या छिद्राच्या) पातळीत किंवा ५-६ मिमी खाली हवी. वर राहिली तर सुलट उडताना मिश्रण दाट (इंधन जास्त) होतं, उलटं केल्यावर पातळ (इंधन कमी). टाकीभोवती फोम गुंडाळा. नाहीतर थरथरीने इंधन फेसाळतं, बुडबुडे नळीत शिरतात आणि इंजिन गचके खातं. आतलं क्लंक (इंधन ओढणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाचं वजन) मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, ते तिथेच अडकून बसतं.

आता नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू. पूर्ण थ्रॉटलवर आवाज अगदी तीक्ष्ण होईपर्यंत आवळा, मग दोन-तीन क्लिक सोडा. विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करा. आवाज किंचित चढला तर उत्तम. बसला तर मिश्रण पातळ आहे, आणखी दोन क्लिक सोडा. प्रॉपेलरच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.