परदेशातील उन्हाळी उत्खननासाठी कसे जावे : सातारा-सांगलीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली असून भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून प्राचीन व्यापाराच्या वाटेने दख्खनमध्ये आली. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाली आहेत. म्हणून सांगलीच्या किंवा कराडच्या विद्यार्थ्याला ग्रीस, इटली किंवा बल्गेरियातील उत्खननात काम करावेसे वाटले, तर ती आपल्याच इतिहासाची दुसरी बाजू पाहण्याची इच्छा आहे, आणि ती पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पूर्ण होऊ शकते.

परदेशी विद्यापीठे व संशोधन संस्था आपल्या उत्खननस्थळी साधारण ३ ते ६ आठवड्यांचे प्रशिक्षणवर्ग घेतात आणि त्यांना ‘फील्ड स्कूल’ म्हणतात. यांतील अनेक वर्गांना पूर्वानुभवाची अट नसते, परंतु शुल्क असते. स्वयंसेवकांना घेणारी उत्खनने याहून वेगळी असतात, कारण तेथे कामाची संधी मिळते, मात्र अभ्यासाचे श्रेयांक बहुधा मिळत नाहीत. आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे सर्वप्रथम ठरवावे.

अर्ज करण्यापूर्वीची तयारी घराजवळच करता येते. कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांत एक दिवस घालवून एखाद्या लेण्याचा मोजमापांसह आराखडा काढावा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगाव येथे केलेल्या उत्खननाविषयी वाचावे, कारण ताम्रपाषाणयुगातील एका खेड्यातील घरे, चुली आणि दफने यांवरून तेथील जीवन कसे उभे करता येते, हे त्यातून उत्तम कळते. स्वतः मात्र कोठेही खणू नये. आपल्याकडे उत्खननासाठी शासनाचा परवाना लागतो, आणि हौसेने उकरलेला थर पुन्हा कोणालाही वाचता येत नाही.

स्थळ निवडताना प्रसिद्ध नावाला भुलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या नावाच्या जागी महिनाभर केवळ घमेली वाहण्यापेक्षा एखाद्या लहान वस्तीच्या उत्खननात नोंदी ठेवण्यास शिकणे कितीतरी मोलाचे असते. १८७९ साली स्थापन झालेली ‘आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ जगभरातील अशा संधींची सूची संकेतस्थळावर देते, आणि शोधाची सुरुवात तेथून करावी. नंतर प्रत्येक वर्गाच्या संचालकांना पत्र लिहून विचारावे की यंदाच्या हंगामाचा सरकारी परवाना मिळाला आहे काय, एका पर्यवेक्षकामागे किती विद्यार्थी असतात, रेखाटन व खापरांची वर्गवारी शिकवली जाते काय, आणि व्हिसा नाकारला गेल्यास भरलेले शुल्क परत मिळते काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण वेळापत्रकाची असते. युरोपातील उन्हाळा जून ते ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा साताऱ्यात पाऊस सुरू झालेला असतो आणि महाविद्यालयाच्या परीक्षा लांबलेल्या किंवा नवे सत्र उघडलेले असते. म्हणून आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतच संभाव्य तारखा काढून प्राचार्यांशी आणि विभागप्रमुखांशी बोलावे, आणि गैरहजेरीची परवानगी व श्रेयांक ग्राह्य धरले जातील की नाही याविषयीचा निर्णय लेखी घ्यावा. आठवड्यांच्या हिशेबाने प्रवेश देणारी स्थळे अशा वेळी सोयीची ठरतात. उदाहरणार्थ, उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन किल्ल्यावर स्वयंसेवक दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत काम करतात. तेथील ओलसर, प्राणवायूविरहित मातीत लाकडी पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली सैनिकांची पत्रे टिकून राहिली आणि ती १९७३ पासून सापडू लागली. तेथील जागा मात्र फार लवकर भरतात.

अर्जासोबतचे निवेदन साध्या भाषेत आणि स्वतःच्या अनुभवावर लिहावे. पुरातत्त्वाची लहानपणापासून आवड आहे, हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, त्यापेक्षा आगाशिवच्या आराखड्यात मोजमाप कोठे चुकले आणि ते कसे सुधारले, हे लिहिणारा विद्यार्थी निवडणाऱ्याच्या लक्षात राहतो. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी विनंती करावी.

पासपोर्ट नसल्यास तो आधीच काढून ठेवावा. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी अर्ज करता येतो, परंतु उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळणे अवघड असल्याने दोन-तीन महिने आधीच अर्ज करणे शहाणपणाचे आहे. प्रौढांसाठीचे व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक असतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध असावा लागतो. ब्रिटनमध्ये अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच आणि फक्त ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, हे स्थळ निवडतानाच लक्षात घ्यावे.

खर्चाचा अंदाज घरच्यांपुढे प्रामाणिकपणे मांडावा. शुल्क, विमानभाडे, विमा, व्हिसा आणि हातखर्च मिळून रक्कम काही लाखांत जाऊ शकते. अनेक परदेशी शिष्यवृत्त्या त्या-त्या देशातील विद्यार्थ्यांपुरत्याच असतात, त्यामुळे पात्रतेची अट आधी वाचावी. कर्ज काढूनच जावे लागत असेल, तर एक वर्ष थांबून देशातील एखाद्या उत्खननात विद्यार्थी म्हणून काम मिळते का, हे पाहणे मला अधिक योग्य वाटते.

निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतली आहे याची खात्री करावी. मजबूत बूट, रुंद काठाची टोपी, हातमोजे आणि पाण्याची मोठी बाटली सोबत असावी. आहार शाकाहारी असल्यास आधीच कळवावे.

भूमध्य प्रदेशात काम पहाटे सुरू होऊन दुपारच्या उन्हाआधी थांबते, आणि नंतर खापरे धुण्याचे, क्रमांक घालण्याचे काम असते. कुदळ-फावड्याने वरची माती काढून झाली की ट्रॉवेल, म्हणजे गवंड्याच्या हत्यारासारखे छोटे टोकदार पाते, हाती येते आणि एकेक थर खरवडला जातो. मातीचा रंग किंवा पोत बदलला की हात थांबवून पर्यवेक्षकाला बोलवावे, कारण तेथे वेगळ्या काळातील किंवा वेगळ्या घटनेतील थर सुरू झालेला असू शकतो. दोन थरांतील खापरे एका पिशवीत गेली, तर त्यांच्यावरून काळ ठरवणे अशक्य होते. मातीचा रंग मन्सेलच्या रंगतक्त्याशी, म्हणजे प्रत्येक छटेला ठरावीक क्रमांक देणाऱ्या तक्त्याशी, जुळवून लिहितात, म्हणजे प्रत्येकाची ‘तांबूस’ वेगळी राहत नाही. उत्खनन ही थर नष्ट करूनच वाचण्याची क्रिया असल्याने नंतर उरतात त्या केवळ नोंदी, म्हणून रोजनिशी त्याच दिवशी, चराशेजारी बसून लिहावी, आणि खात्री नसलेल्या गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह घालण्यास संकोचू नये. परवानगीशिवाय छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

स्थळ सोडण्यापूर्वी गुणपत्रक, कामाच्या तासांचे प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची प्रत संचालकांकडून मागून घ्यावी, कारण परतल्यावर महाविद्यालय हीच कागदपत्रे मागते. सामान बांधताना बुटांच्या तळाला आणि पिशवीच्या कोपऱ्यात अडकलेली माती झटकून पाहावी. खापराचा नखाएवढा तुकडाही सोबत येता कामा नये, कारण तो त्या देशाच्या मालकीचा असतो आणि नकळत आणला तरी कायद्याने गुन्हा ठरू शकतो.